फुईची कवळी

फुई गेल्याचा फोन आला तेव्हा मी नंदुरबारला दातांच्या दवाखान्यात, माझ्या मुलीचा नंबर यायची वाट बघत बसले होते. फोन धानोऱ्याहून माझ्या भावजयीचा, मंगलवहिनीचा होता. ती रडत होती की रडल्यासारखं करत होती, हे फोनवर काही कळत नाही. फुई कधी गेली, कशी गेली, जवळ कोण होतं, यातलं मी काहीच विचारलं नाही. माझ्या तोंडून पहिला प्रश्न निघाला तो, "तिची कवळी कुठे आहे?" पलीकडचं रडणं एकदम थांबलं. "शे ना आठेच," वहिनी म्हणाली. "धोवाले टाकी शे." मी फोन ठेवला आणि मुलीला उठवलं. नंबर गेला तर गेला.

फुई म्हणजे आत्या. आमच्या भागात, गुजरातच्या वेशीला लागून, बापाच्या बहिणीला फुई म्हणतात. गेलेल्या माणसाबद्दल चांगलंच बोलावं अशी रीत आहे, पण फुईला ही रीत मान्य नव्हती. जिवंत माणसाबद्दल ती चांगलं बोलत नसेच, मेलेल्याबद्दल तर खास वेळ काढून वाईट बोलायची. त्यामुळे आता हे लिहिताना मी तिच्याच रीतीने जाणार आहे. तिला ते आवडलं असतं असं म्हणवत नाही, तिला काहीच आवडत नसे... पण तिने ते पूर्ण ऐकून घेतलं असतं, एवढं नक्की.

माझ्या वडिलांची, बापूंची, मिरचीची पथारी होती. पथारी म्हणजे मिरची वाळवायचं मोकळं मैदान. हिवाळा लागला की ओली लाल मिरची येऊन पडायची, नजर जाईल तिथवर पसरली जायची, आणि बायका रांगेने देठं खुडायला बसायच्या. मोलगीकडच्या डोंगरातल्या बायकाही हंगामापुरत्या उतरायच्या. ठसक्यापासून वाचायला सगळ्या जणी नाकातोंडाला फडकं बांधायच्या आणि संध्याकाळी ते झटकून मोकळ्या व्हायच्या. फुईचं फडकं मात्र सुटायचं नाही. हंगाम संपला, मिरची विकली गेली, मैदानात शेरडं चरायला लागली, तरी तिच्या नाकातोंडावर ते विटकं तांबडं फडकं असायचंच. फडक्याच्या वर फक्त दोन डोळे, आणि त्या डोळ्यांनी तिने साऱ्या पथारीवर राज्य केलं. लंगडणाऱ्या बाईला ती तिच्या लंगडण्यावरून हाक मारायची, मूल न झालेलीला त्यावरून. मला ती 'खिंडी' म्हणायची. माझ्या पुढच्या दातांत खिंड होती म्हणून.

माझे वरचे दोन मोठे दात आले, त्यांच्या एका बाजूचा दात आलाच नाही आणि दुसऱ्या बाजूचा आला तो तांदळाच्या दाण्याएवढा. मोठे दात मग जागा मिळेल तसे पसरले. शाळेत पोरी हसायच्या. बापू म्हणायचे, हसतील त्यांचे दात दिसतील, तू लक्ष देऊ नकोस. फुई शेजारून म्हणायची, दिसू देत की, त्यांना आहेत. मी हसले की ती जिथे असेल तिथून ओरडायची, "तोंड झाक. लोके दात मोजतस." लग्नात, आखाजीच्या झोक्यावर, वर्गाच्या फोटोत... माझ्या लहानपणीचा एकही फोटो असा नाही ज्यात माझा हात तोंडावर नाही.

हा दातांचा वारसा आमच्या घरात फुईच्याच पिढीपासून आला, हे मला उशिरा कळलं. आईने सांगितलं, तेही मी पुरती मोठी झाल्यावर. फुईला तर दोन्ही बाजूंचे दात नव्हते. लग्न ठरताना तिला मान खाली घालून बसवली, बोलायचं ते आजीच बोलली, आणि तापीपलीकडच्या त्या घराला काही दिसलं नाही. दिसलं ते लग्नात, नाव घेताना ती हसली तेव्हा. पहिल्या आखाजीला फुई माहेरी आली. आखाजी म्हणजे आमच्याकडे लेकीबाळींचा सण, सगळ्या माहेरी येतात, झोके घेतात, गाणी म्हणतात आणि सण उरकला की सासरचं माणूस येऊन घेऊन जातं. बाकीच्यांना न्यायला माणसं आली. फुईला न्यायला कोणी आलं नाही. पुढच्या आखाजीपर्यंत ती ओट्यावर बसून रस्ता बघत होती, असं आई म्हणायची, आणि मग एक दिवस पथारीवरच्या एका डोंगरातल्या बाईबरोबर जीपमध्ये बसून मोलगीच्या बाजारात गेली. नंदुरबारला गेली असती तर कोणी तरी ओळखलं असतं, म्हणून इतक्या लांब. मोलगीच्या बाजारात एक दात बसवणारा सतरंजी टाकून बसायचा. त्याने सांगितलं, नुसते दोन दात टिकणार नाहीत, वरची ओळ काढून कवळीच करू. फुईने वरचे सगळे चांगले, भक्कम दात उपटून घेतले. ऐन विशीत. बाजाराच्या मधोमध, चपला आणि मिठाच्या दुकानांच्या मध्ये. मग तोंड भरून दात घेऊन ती बापूंबरोबर आपणहून सासरी गेली. सासूने दारातच तिची हनुवटी वर करून बघितलं आणि म्हणाली, "पहिले दोनच दात नव्हतात. आते तं सगळाच खोटा शेतस."

त्या दारातून ती परत आली ती फडकं बांधूनच.

हे ऐकल्यावर मला तिची दया यायला हवी होती. थोडी आलीही. पण ज्याला चटका बसला तो दुसऱ्याला विस्तवापासून लांब ठेवेल, हे पुस्तकात असतं. फुईला चटका बसला आणि तिने दुसऱ्यांना डागायला पळी तापत ठेवली. तरी एक गोष्ट तिच्या नावावर मांडायलाच हवी. मला दातांच्या डॉक्टरकडे नेलं ते तिनेच. बापू म्हणत होते, पोरगी शिकतेय, दातांचं काय एवढं. फुईने ऐकलं नाही. नंदुरबारला दात सरळ करणारे नवे डॉक्टर बसायला लागले होते, तिथे ती मला एस.टी.ने घेऊन गेली, आणि संबंध वाटभर माझा उद्धार करत गेली. डॉक्टरांनी एक्स-रे उजेडाला धरून दाखवला. म्हणाले, हाडात आत दात लपलेला नाही, तो तयारच झालेला नाही. दोन रस्ते आहेत. सुळे हळूहळू पुढे ओढून फट भरायची आणि ते घासून पुढच्या दातांसारखे करायचे. नाही तर तारांनी बरोब्बर एका दाताची जागा मोकळी करायची, तिथे तात्पुरता दात लावलेली प्लेट घालायची, आणि हाडाची वाढ पूर्ण झाली की स्क्रूचा पक्का दात बसवायचा. लहान दाताला वरून आकार देता येईल. माझ्या तोंडाला पहिला रस्ता बरा, असं त्यांचं मत दिसलं. फुईने फडक्याआडून विचारलं, "डॉक्टरसाहेब, सुळा पुढे लईसन पोरगीले कुत्री करतस का?" डॉक्टर हसले. मी हसले नाही. रस्ता दुसरा ठरला.

तारा दोनएक वर्षं होत्या. त्यांनी काय दुखलं ते सांगण्यात अर्थ नाही, ज्यांनी घातल्या त्यांना माहीत आहे. पण जागा झाली. मोठे दात एकमेकांना भिडले, बाजूला एका दाताची चोख जागा मोकळी राहिली, आणि डॉक्टरांनी मला गुलाबी प्लेट दिली, टाळूला चिकटून बसणारी, तिला एक दात लावलेला. आरशात बघितलं आणि मी पहिल्यांदा हात न लावता हसले. डॉक्टरांनी बजावलं होतं, जेवण सोडून सगळा वेळ घालायची. आता दात सरळ आहेत पण हाडाला ते अजून माहीत नाही, ढील दिलीस तर जुन्या जागी पळतील.

आणि इथे फुईचा नियम आडवा आला. आमच्या घरात दवाखान्यातून आलेली वस्तू उकळल्याशिवाय उंबरा ओलांडत नसे. औषधाची बाटली असो, माझ्या बाळंत चुलतबहिणीचा डबा असो, ओट्यावरच चुलीवर पाणी चढायचं. डॉक्टर साऱ्या गावाच्या तोंडात हात घालतो, त्याच हाताची वस्तू तू तोंडात घालणार, असं फुई म्हणायची. दर महिन्याला प्लेट तपासून आम्ही परत आलो की ती माझ्यापुढे तळवा धरायची. मी प्लेट काढून द्यायची, फुई ती गंजात, म्हणजे पितळी पातेल्यात, खळखळत्या पाण्यात टाकायची. बाहेर काढायची, पुसायची, घाल म्हणायची. मी घालायची. दोन दिवस दुखायची, मग बसल्यासारखी वाटायची. मला काय माहीत... वस्तू शुद्ध होतेय एवढंच मला माहीत होतं. फुईची स्वतःची कवळी कधी उकळली जात नसे, कारण ती दवाखान्यातून आलीच नव्हती. ती बाजारातली होती.

डॉक्टर चक्रावले. इथून जाते तेव्हा बसते, पुढच्या महिन्यात येते तेव्हा बसत नाही, असं ते म्हणायचे आणि पुन्हा घासून, वाकवून बसवून द्यायचे. आम्ही घरी आलो की गंजात पाणी चढायचंच. वर्षभराने मोकळी ठेवलेली जागा निम्मी झाली होती. मोठे दात पुन्हा फाकले होते, स्क्रूला दोन मुळांच्या मध्ये वाव उरला नव्हता. डॉक्टरांनी प्लेट हातात फिरवली, प्रकाशात तिरपी धरली आणि विचारलं, हिला गरम पाणी लागतं का कधी? त्याने ही वाकडी होते. मी फुईकडे बघितलं. फुईने माझ्याकडे बघितलं. त्या एका नजरेत मला सगळं कळलं, तिलाही कळलं, आणि मला कळलंय हेही तिला कळलं. मग ती डॉक्टरांकडे वळली. "ऊन पानी कसाले लागी? हीच लावे नही. घरमा काढी ठेवे." डॉक्टर माझ्यावर रागावले. दोन वर्षांची मेहनत फुकट घालवलीस म्हणाले. मी तोंड उघडलं नाही. तोंड न उघडण्याचं शिक्षण मला चांगलं मिळालं होतं.

त्यानंतर ते वाक्य घरात देव्हाऱ्यासारखं कायमचं बसलं. हीच लावत नव्हती. मला स्थळं यायची आणि परत जायची, की फुई येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची, मी पोरीला नेलं, आणलं, पण हीच लावत नव्हती. बापूंनाही ते खरं वाटायला लागलं. प्लेट मात्र तिने पुन्हा कधी उकळली नाही, आणि तो गंज उचलून माळ्यावर टाकला. चूक कळल्याची एवढीच खूण तिने दिली. मला नोकरी लागल्यावर मी पुन्हा तारा लावल्या, नव्या डॉक्टरकडे, यावेळी सुळे पुढे ओढायचा रस्ता घेऊन. कुत्री तर कुत्री. त्या तारा तोंडात असतानाच माझं लग्न झालं, माझ्या नवऱ्याला त्यांचं काही वाटलं नाही. हळदीच्या दिवशी फुई बायकांत बसून म्हणाली, तोंडात कुंपण घालून बोहल्यावर चढणारी ही पहिलीच. बायका हसल्या. मीही हसले, तारा दाखवून, हात न लावता. तिच्याकडे बघत. फुईने मान फिरवली. आयुष्यात तिला हरवल्याचा तो एकच प्रसंग मला आठवतो, आणि मी तो अजून जपून ठेवलाय.

गेल्या हिवाळ्यात तिच्या छातीने दगा दिला. मिरचीची धूळ इतकी वर्षं आत साठलेली, डॉक्टर म्हणाले. नंदुरबारला खाजगी दवाखान्यात ठेवलं, ऑक्सिजनचा मास्क लावला, त्याआधी नर्सने तिची कवळी काढून प्लास्टिकच्या पिशवीत घातली. मी भेटायला गेले तेव्हा पहिल्यांदा मी तिचं तोंड बघितलं. फडकं नाही, कवळी नाही. ओठ आत गेलेले, सगळा चेहरा त्या एका खड्ड्याकडे ओढलेला. फडक्यावरचे ते दोन डोळे मात्र तसेच होते. तिने मला जवळ बोलावलं, मास्क थोडा वर केला. गेल्यावर मुखात तुळशीपत्र घालतात, सोन्याचा मणी घालतात, चारचौघांसमोर तोंड उघडतात, त्याची तिला धास्ती होती. मरणाची नव्हती. बोळक्या तोंडातून शब्द सांडत होते तरी मला कळलं. "माले आशी जाऊ देऊ नको. पहिले कवळी बसाडी दे. मंग तुळस."

मी कॉटच्या कडेला बसले. बाजूच्या खाटेवरचा पेशंट झोपला होता, मंगलवहिनी चहा आणायला गेली होती. मी म्हटलं, फुई, बसवते. पण मला एक सांग. प्लेट तूच उकळायचीस ना? तिने डोळे मिटले. मला वाटलं, आता तरी... कोणी ऐकणारं नव्हतं, डॉक्टर नव्हते, बापू तर कधीच गेले होते. एका 'हो'ची तर गोष्ट होती. मान हलवली असती तरी चाललं असतं. तिने डोळे उघडले आणि म्हणाली, "तूच लावे नही."

मी तिचा मास्क नीट बसवला. म्हटलं, बसवीन कवळी. शब्द दिला की तो पाळायचा, हेही त्या घरातच शिकले होते.

काही दिवसांनी डॉक्टरांनी हात टेकले आणि तिला धानोऱ्याला घरी आणलं. दवाखान्यातलं सगळं सामान, कवळीच्या पिशवीसकट, ओट्यावरच राहिलं, कारण नियम होता. आणि मग तो सकाळचा फोन. मी पोचले तेव्हा अंगणात बायका जमल्या होत्या, फुईला आंघोळ घालून खाली घेतलेलं होतं, आणि ओट्यावरच्या चुलीवर पाण्याची वाफ निघत होती. माळ्यावरचा तोच पितळी गंज. त्या गर्दीत वहिनीच्या हाताला नेमका तोच लागला होता. ताटलीत कवळी काढून ठेवलेली. मी हातात घेतली. कोमट होती, आणि एका बाजूने पिळवटलेली, उन्हात पडलेल्या पपईच्या सालीसारखी. तरी मी बसवायचा प्रयत्न केला. जबडा आखडायला लागला होता. मी एका हाताने तिची हनुवटी धरली, दुसऱ्या हाताने कवळी आत सरकवली, ती एका बाजूने टेकली, दुसऱ्या बाजूने वर आली. पुन्हा काढली, पुन्हा घातली. तोवर अंगणातल्या बायका ओट्याच्या पायऱ्यांपर्यंत आल्या होत्या, मागच्या पुढच्यांच्या खांद्यावरून बघत होत्या. जे आयुष्यभर झाकलं ते सगळ्या गावाने उघड्यावर, निवांत बघून घेतलं. कोणी तरी "अरे देवा" म्हणालं. लहान पोरांना मागे ओढलं गेलं.

मी वहिनीकडे बघितलं. "मी ऊन पानीमा नही टाकी," ती म्हणाली. "तशीच व्हती." चूल तिच्या पाठीशी पेटलेली होती.

खरं सांगायचं तर त्या क्षणी मला बरं वाटलं. आतून, पोटातून बरं वाटलं. इतक्या वर्षांत मला जे कोणी दिलं नव्हतं ते मिळाल्यासारखं. मग मी उशाशी पडलेलं ते विटकं फडकं उचललं, फुईच्या नाकावरून घेऊन डोक्यामागे गाठ मारली, जशी ती रोज मारायची तशीच घट्ट. तुळशीचं पान आणि मणी फडक्याच्या आतूनच सरकवला. फडक्याला मिरचीचा वास होता, मला ठसका लागला आणि डोळ्यांत पाणी आलं. बायकांना वाटलं मी रडतेय. वाटू दिलं.

प्रकाशा या तीर्थाच्या गावी तापीत अस्थी सोडल्या तेव्हा वहिनी म्हणाली, कवळीपण सोडून द्यायची का. मी म्हटलं नको, आणि पर्समध्ये टाकून घरी आणली. ती आता बेसिनवरच्या फळीवर आहे, माझ्या रात्रीच्या प्लेटच्या डबीशेजारी. सुळे पुढे आणले तरी राखण लागतेच, अजूनही झोपताना मी प्लेट घालते आणि सकाळी माठातल्या गार पाण्याने धुते. सईचा, माझ्या मुलीचा, एक्स-रे आम्ही नंतर काढून घेतला. तिलाही एका बाजूचा दात नाही. डॉक्टरांनी तो उजेडाला धरला तेव्हा ती टाळ्या वाजवून हसली, खिंडीतून जीभ काढून, आणि माझा हात तिच्या तोंडाकडे गेला होता. मी तो मध्येच मागे घेतला. परवा दात घासता घासता तिचं फळीकडे लक्ष गेलं. कुणाचे गं हे दात, म्हणाली. मी म्हटलं, फुईआजीचे. वाकडे कशाने झाले? गरम पाण्यात टाकले म्हणून. तिने कवळी उचलली, उलटसुलट करून बघितली आणि विचारलं, कोणी टाकले?

मी आरशातून तिच्याकडे बघितलं आणि म्हटलं, "तिनंच."